ऑपेरा हाऊस, पुढे चला!

बेस्टच्या कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरून "ऑपेरा हाऊस, पुढे चला" असा पुकारा करायचा आणि दहा-बारा माणसांनी पिशव्या सावरत दाराकडे सरकायचं, हा कार्यक्रम १९९३ ते २०१६ अशी तेवीस वर्षं रोज बिनबोभाट चालू होता. अडचण एवढीच की ज्याच्या नावानं ही माणसं उतरत, त्या थिएटरला या सगळ्या काळात कुलूप होतं. उतरणाऱ्यांतल्या काहींना हिऱ्यांच्या बाजारात जायचं असे, काहींना चर्नी रोडची लोकल पकडायची असे, काहींना लॅमिंग्टन रोडवर रेडिओचा सुटा भाग शोधायचा असे. ऑपेरा ऐकायला कोणीच उतरत नसे. तसं थिएटर उघडं होतं तेव्हाही ऑपेऱ्यासाठी उतरणारे बोटावर मोजण्याइतकेच. पण मुंबईत नाव एकदा चिकटलं की सहजी निघत नाही. धोबी तलावाला तलाव नाही, चर्चगेटला गेट नाही, आणि तरी लोक पत्ता विचारत बरोबर पोचतात. नाव जपायला या शहराला काही खर्च येत नाही. इमारत जपायला येतो, आणि तिथूनच पुढची सगळी गंमत सुरू होते.

रॉयल ऑपेरा हाऊसची कल्पना निघाली १९०८ च्या सुमारास. काढणारे दोघं. एक कलकत्त्याचा नाटकं-तमाशे भरवणारा मॉरिस बँडमन आणि दुसरे मुंबईचे पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी करका. करकांचा व्यवसाय कोळशाचा. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण त्यांच्या कानावर गेली नसावी. त्यांनी त्याच कोळशातून सोनेरी मुलामा, संगमरवर आणि मखमल काढून दाखवली. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आले, तेव्हा थिएटरचं काम चालूच होतं. पण राजा काही रोज येत नाही. त्यामुळे उद्घाटन तेव्हाच उरकून घेतलं गेलं, इमारत १९१२ मध्ये उभी राहिली आणि बारीकसारीक भर त्यानंतरही पडत राहिली. थोडक्यात, मोठा पाहुणा गावात आहे तोवर अर्धवट कामाची फीत कापून घ्यायची, ही रीत मुंबईत लोकशाहीच्या बरीच आधीपासूनची आहे. त्याच दौऱ्यात बादशहांना गेट वे ऑफ इंडियाही दाखवण्यात आला, तो पुठ्ठ्याचा. दगडी गेट वे खुला व्हायला १९२४ उजाडलं.

आतला थाट मात्र पुठ्ठ्याचा नव्हता. प्रवेशदालनातली झुंबरं ससून घराण्याच्या भायखळ्याच्या बंगल्यातून आलेली. बंगल्याचं नाव 'साँ सूसी', म्हणजे फ्रेंचमध्ये 'निश्चिंत'. त्या निश्चिंत बंगल्याचं पुढे मसीना हॉस्पिटल झालं आणि त्याची झुंबरं ऑपेरा हाऊसमध्ये तेवीस वर्षं धूळ खात लटकली. नावं ठेवताना माणसानं जरा बेतानं ठेवावीत ती यासाठी.

या रंगमंचावर बालगंधर्व उभे राहिले, दीनानाथ मंगेशकर गायले. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला माईकशिवाय शब्दन् शब्द कळावा अशी सभागृहाची बांधणी, त्यामुळे गॅलरीतल्या गिरगावकरांना पदातली तान तर ऐकू यायचीच, पण पुढच्या कोचावरच्या शेटजींचं खोकणंही. मग सिनेमा आला. आधी नाटकांच्या जोडीनं, पोटभाडेकरूसारखा कोपरा धरून. १९३५ च्या सुमारास त्यानं सगळं घरच ताब्यात घेतलं. पोटभाडेकरूंचा हा स्वभाव मुंबईकरांना वेगळा समजावून सांगायला नको. तरीही पृथ्वीराज कपूर यांनी आपली पृथ्वी थिएटर्सची नाटकं इथं केलीच, सिनेमाच्या खेळांच्या वेळा सांभाळून. नाटक संपलं की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून उभे राहत आणि प्रेक्षक जाता जाता तिच्यात नाणी टाकत. अकबर बादशहा शोभेल असा माणूस हात पसरून उभा आहे म्हटल्यावर न देता पुढे कोण जाणार? थिएटर जगवण्यासाठी पैसा कसा उभा करायचा याचं इतकं सरळ, कमी कागदपत्रांचं तंत्र त्यानंतर कोणाला साधलेलं नाही.

१९५२ मध्ये ही वास्तू गोंडलच्या महाराजांनी घेतली. चाळीसएक वर्षं सिनेमे चालले. नंतर घरोघरी व्हीसीआर आला, व्हीसीआरच्या मागोमाग केबल आली, आणि १९९३ मध्ये ऑपेरा हाऊस बंद झालं.

थिएटर बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा जवळून पाहण्यासारखं असतं. पहिला ताबा कबुतरं घेतात. त्यांना बाल्कनी आवडते. माणसांनाही आवडायची, पण कबुतरं जागा नंबरासाठी भांडत नाहीत. पन्हळीत पिंपळाचं रोप उगवतं. त्याला पाणी कोणी घालत नाही, खत कोणी घालत नाही, आणि तरी ते असं तरारतं की घरच्या कुंडीतल्या गुलाबाला ते दाखवून ओरडावंसं वाटावं. पडद्याला पावसाच्या ओघळांचे नकाशे पडतात. प्रोजेक्टरच्या खोलीत रिळांचे रिकामे गोल डबे, त्यातल्या एकात खिळे, एकात सुतळी आणि एकात कोणाची तरी न्यायची राहिलेली कवळी. 'हाऊसफुल्ल'ची पाटी रखवालदाराच्या स्टोव्हला वाऱ्यापासून आडोसा देत उभी असते. आणि 'आजचा खेळ' असं लिहिलेल्या काचेच्या पेटीत त्याची बनियन वाळत असते. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून घेतात. कित्येक वर्षांत तिथं काही नवीन लागलेलं नसतं.

आणि याच सुमारास थिएटरवर लोकांचं प्रेम बसतं.

चालू थिएटरवर कोणी प्रेम करत नाही. चालू थिएटरला लोक शिव्या देतात: खुर्चीत ढेकूण आहेत, पंखा फक्त आवाज करतो, मुतारीचा वास थेट क्लायमॅक्सपर्यंत येतो, समोशात बटाटा कमी आणि हवा जास्त. डोअरकीपर बॅटरीचा झोत डोळ्यांवर मारतो. ब्लॅकवाला 'पाच का दस' करतो. हेच थिएटर बंद पडून दहा वर्षं झाली की त्याच माणसाच्या बोलण्यात ढेकूण मायेचे होतात, समोसा 'तसा समोसा पुन्हा झाला नाही' या पदाला पोचतो, आणि ब्लॅकवाला जणू बालमित्र. मुतारीचा विषय निघत नाही.

प्रत्येक बंद थिएटरमागे असे एक काका असतात. गिरगावात आहेत, दादरला आहेत, पुण्यात तर घाऊक आहेत. त्यांच्याकडे जुन्या तिकिटांचे अर्धे तुकडे बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेले. कुठला सिनेमा कुठल्या थिएटरात किती आठवडे चालला, मध्यंतर कुठल्या प्रसंगाला व्हायचं, पिटातून पडद्यावर चिल्लर नेमकी कुठल्या गाण्याला उडायची, सगळं मुखोद्गत. 'शोले' लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात १९७५ ला लागला तो पाच वर्षं उतरला नाही, शेवटची दोन मॅटिनीला का होईना, हे ते असं सांगतात की गब्बर त्यांच्याच चाळीत वाढला असावा. थिएटर वाचवण्याच्या प्रत्येक अर्जावर त्यांची सही पहिली. फक्त एक प्रश्न त्यांना विचारायचा नसतो: "काका, तुम्ही तिथं शेवटचं तिकीट कधी काढलंत?" काका छताकडे बघतात. "चौऱ्याऐंशी... नाही, पंच्याऐंशी." मग खालच्या आवाजात, "त्या दिवाळीत आमच्याकडे व्हीसीआर आला ना."

काकांच्या पुढाकारानं बैठक भरते. शक्यतो शाळेच्या वर्गात, रविवारी सकाळी. साठीचे पंधरा गृहस्थ तिसरीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसतात आणि वास्तूच्या भवितव्यावर बोलतात. कोणाला संग्रहालय हवं असतं, कोणाला मराठी चित्रपटांसाठी राखीव थिएटर, कोणाला योगवर्ग. एक जण हमखास 'सांस्कृतिक केंद्र' सुचवतो. सांस्कृतिक केंद्र म्हणजे सकाळी झुंबा, दुपारी साड्यांचं प्रदर्शन आणि संध्याकाळी स्वागत समारंभ, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ठराव टाळ्यांत संमत होतो. वास्तुशास्त्र शिकणारी एक मुलगी कॅमेरा घेऊन आलेली असते, ती 'फसाड' हा शब्द अकरा वेळा वापरते आणि मागच्या बाकावरचे एक आजोबा शेजाऱ्याला विचारतात, "फसवलं कोणी?" शेवटी चहा येतो. वर्गणीचा विषय चहाच्या आधी निघाला तर बैठक लवकर संपते, म्हणून अनुभवी माणसं तो नंतर काढतात. तेव्हा ती आणखी लवकर संपते.

मालक या बैठकीला नसतो. त्याला कोणी बोलावलेलंच नसतं. बोलावलं असतं तरी तो आला नसता, कारण त्याच्या खिशात घरपट्टीचं बिल असतं. बैठकीत ज्याला खलनायक ठरवतात त्याची बाजू कधीतरी कोणी तरी मांडायला हवी. महाराष्ट्रात तिकिटावरचा करमणूक कर एके काळी ४५ टक्क्यांपर्यंत होता. २००१ मध्ये सरकारनं नव्या मल्टिप्लेक्सना काही वर्षांसाठी या करात सवलत दिली. जुन्या एकपडदा थिएटरांना मात्र भरणा चालूच राहिला. थोरल्या सुनेनं धुणं-भांडी करायची आणि धाकटीला माहेरपण, असा हा न्याय. बरं, थिएटर मोडून काही वेगळं करू म्हटलं तर त्या जागी पुन्हा थिएटर ठेवण्याची अट आड यायची. धंदा होत नाही म्हणून जे बंद केलं, तेच पुन्हा बांधायचं. म्हणून अनेक मालकांनी मधला मार्ग काढला: कुलूप. कुलपाला करमणूक कर नव्हता, अट नव्हती, आणि वरून पिंपळाची सावली.

त्यात इमारत वारसा यादीत गेली तर मालकाच्या घरी अभिनंदनाचे फोन येतात आणि मालक डोकं धरून बसतो. मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली आली १९९५ मध्ये. असे नियम करण्यात हे शहर देशात आघाडीवर होतं, आणि ही अभिमानाचीच गोष्ट आहे. या यादीत इमारतींना श्रेणी मिळते. श्रेणी मिळाली की खिडकीची चौकट बदलायलाही समितीची परवानगी. म्हणजे वयोवृद्ध कलावंताला शाल-श्रीफळ द्यायचं, त्याच्या फोटोला हार घालायचा, आणि औषधाची चिठ्ठी त्याच्याच हातात ठेवायची. नाही म्हणायला एक सोय आहे. वारसा वास्तूवर आणखी मजले चढवता येत नाहीत, म्हणून डोक्यावरचा न वापरलेला बांधकाम हक्क उपनगरात दुसऱ्याला विकता येतो. हवा विकून छत दुरुस्त करायचं. कल्पना नामी आहे, पण त्या हवेचा कागद हातात पडेपर्यंत छताचीच हवा झालेली असते.

सगळीच थिएटरं कुलपापर्यंत पोचत नाहीत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आज तिथं जाऊन कोणी "कॉरोनेशन कुठं?" म्हणून विचारलं तर समोरचा मिठाईच्या दुकानाकडे बोट दाखवेल. त्याही आधी, ७ जुलै १८९६ ला ज्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंच्या माणसांनी या देशातली पहिली हलती चित्रं दाखवली, ती काळा घोड्याजवळची इमारत इतकी खिळखिळी झाली की २०१९ मध्ये आतल्या भाडेकरूंना बाहेर काढावं लागलं. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. तिकिटांसाठी अशी झुंबड की पोलीस आणावे लागले. पुढे मॅजेस्टिक पाडलं आणि जागी दुकानांचं संकुल आलं. पण त्या थिएटरच्या सावलीत केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचं दुकान थाटलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं मॅजेस्टिक बुक स्टॉल. थिएटर गेलं, दुकान वाढलं, प्रकाशन संस्था झाली, त्याच नावाच्या साहित्यिक गप्पा झाल्या. देशातल्या पहिल्या बोलपटाच्या थिएटरचं नाव आज मराठी वाचकाच्या घरात पुस्तकाच्या कण्यावर आहे. ही बचत कुठल्याही समितीच्या ठरावात नव्हती.

पुण्यानं आपल्या पद्धतीनं याहून व्यवहारी मार्ग काढला. मंडईजवळचं आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह, गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ मध्ये सुरू केलेलं. ते १९८३ मध्ये बंद झालं. जवळच मिनर्व्हा होतं, तेही गेलं. आज दोन्ही जागी महापालिकेचे वाहनतळ आहेत आणि लोक त्यांना आर्यन आणि मिनर्व्हा याच नावांनी ओळखतात. महापालिकेनं पाटीवर काय लिहिलं आहे याच्याशी पुणेकराला कर्तव्य नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तिथं गेलं की कानावर येतं, "आर्यन फुल्ल आहे, मिनर्व्हाला बघा." बाहेर रांग, आत जागेसाठी भांडण, दारावर पावती फाडणारा माणूस आणि तासाच्या हिशेबानं दर. थिएटरच्या अंगातलं जे जे होतं, ते सगळं शाबूत आहे. फक्त सिनेमा तेवढा वजा झाला.

याच्या उलट टोकाला लालबागचं भारतमाता. ते उभं आहे गिरणीच्या जमिनीवर, जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, आणि महामंडळानं ती परत मागितली. वाद वर्षानुवर्षं चालला. मराठी कलावंत रस्त्यावर उतरले, लालबागकर उतरले. पण इथं एक फरक होता. उतरलेल्यांतले पुष्कळ जण गेल्याच आठवड्यात तिथं सिनेमा पाहून आलेले होते. मराठी सिनेमा, खिशाला परवडणारं तिकीट, घरून चालत अंतर. बिस्किटाच्या डब्यात तिकिटं जपून ठेवायला त्यांना सवडच नव्हती. पुढच्या शुक्रवारची काढायची होती.

ऑपेरा हाऊस वाचलं ते कसं, याची कहाणी सांगायला बसलं की ऐकणारे निराश होतात. मोर्चा नाही, उपोषण नाही, बुलडोझरसमोर आडवं पडलेलं कोणी नाही. गोंडलच्या राजघराण्यानं २००८ मध्ये दुरुस्ती हाती घेतली, वास्तुसंवर्धनाचं काम आभा नारायण लांबा यांना दिलं, आणि मग आठ वर्षं त्या गळकं छत, गंजलेलं लोखंड आणि भरवशाची न राहिलेली बाल्कनी यांच्याशी झटत राहिल्या. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत ऑपेरा हाऊसचं नाव घातलं. तेव्हा कुठं गिरगावातल्या बऱ्याच जणांना कळलं की आपण रोज ज्याच्या भिंतीला सायकल टेकवतो ते जागतिक आहे. काहींनी दुसऱ्या दिवसापासून सायकल जरा जपून टेकवली.

या कामातली खरी मौज बारीक आहे. सिनेमाच्या काळात ज्यानं त्यानं आपल्या आवडीचा रंग फासला होता, आणि प्रत्येक नव्या रंगाखाली आधीच्या माणसाची आवड गाडली गेली होती. संवर्धनवाले काय करतात, तर भिंतीचा वीतभर चौकोन निवडतात आणि पात्यानं हळूहळू खरवडत जातात. कांद्याचा पापुद्रा निघावा तसा एकेक थर सुटतो. वरचा थर ऑइल पेंटचा, त्याखाली दवाखान्यात असतो तसला हिरवा, त्याखाली आणखी कुठला तरी, कोणाच्या तरी मेहुण्याच्या दुकानात स्वस्त मिळालेला. सगळ्यांच्या तळाशी मूळ रंग. एवढ्या खटपटीनंतर सापडलेल्या त्या रंगाकडे पाहून गवंड्याला जे वाटत असेल ते लिहिण्यासारखं नाही, कारण बहुतेक वेळा तो फिकट पिवळट निघतो. सिनेमासाठी केलेल्या मोडतोडीखाली मूळ नाट्यगृह कसं होतं, हे जुन्या छायाचित्रांत डोकं घालून शोधावं लागलं. आणि मग ज्याच्यावर कोणी लेख लिहीत नाही ती कामं: वीज, वातानुकूलन, आगीपासून बचावाची व्यवस्था, आणि स्वच्छतागृहं. ढेकणांच्या आठवणी काढणाऱ्या एकाही काकांनी कुठल्याही अर्जात स्वच्छतागृहांची मागणी केल्याचं ऐकिवात नाही. ती केली असती तर थिएटरं बंदच का पडली असती, असंही कोणी म्हणेल.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मामि चित्रपट महोत्सवाच्या निमित्तानं दारं उघडली. पाठोपाठ मुंबईतच जन्मलेल्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथं गायल्या, आणि ऑपेरा हाऊस या नावाला शंभर वर्षांनी थोडा का होईना आधार मिळाला. आता तिथं सुमारे ५७५ जागा आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कारही भिंतीवर लागला. संगीत, नाटक, कार्यक्रम होतात. हिऱ्याच्या बाजारातली माणसं येता-जाता वर बघतात, काही जण थांबून फोटो काढतात. कंडक्टरचा पुकारा मात्र पूर्वीचाच. नाव न बदलता इमारतच नावाच्या मागोमाग परत आली, त्यामुळे त्याला वेगळी मेहनत पडली नाही.

चर्चगेट स्टेशनसमोरच्या इरॉसनं गोष्ट वेगळ्या वळणानं नेली. शियावक्ष कंबाटा यांनी बांधलेलं, सोराबजी भेदवार यांनी आखलेलं, १० फेब्रुवारी १९३८ ला खुलं झालेलं हे थिएटर म्हणजे लाल-पिवळसर दगडाचा थरांचा केक. वरचा मनोरा पाहिला की मेणबत्ती तेवढी लावायची राहिली असं वाटतं. जागा १२०४. लोकलमधून उतरणाऱ्या पिढ्यांनी भेटण्याची खूण म्हणून इरॉसइतकं दुसरं काही वापरलं नसेल. "इरॉसखाली साडेपाचला" असं म्हटलं की काम झालं. सिनेमा पाहायचाच असं काही नव्हतं. २०१७ मध्ये मालकांच्या दुसऱ्या उद्योगातल्या वादावरून इमारतीला सील लागलं. पुढे काही काळानं परांच्या उभ्या राहिल्या, हिरवं कापड चढलं, आणि २०२३ मध्ये एके दिवशी मोबाइलवरून बातमी फिरली: इरॉस पाडताहेत.

झालं. चर्चगेटपासून कॅनडापर्यंत शोककळा पसरली. आपण इरॉसला कोणाबरोबर काय पाहिलं होतं याच्या आठवणी वाहू लागल्या, त्यातल्या काही इतक्या खासगी की लिहिणाऱ्यांच्या बायकांनीही त्या पहिल्यांदाच वाचल्या. कविता झाल्या. एकानं पाडकामाच्या निषेधार्थ पॉपकॉर्न सोडले. आणि या सगळ्या काळात हिरव्या कापडाच्या आत कामगार बसून दगड धूत होते, दालनातला काळा-पांढरा संगमरवर घासत होते. पाडकाम नसून जीर्णोद्धार चालला आहे, हा खुलासा झाला तेव्हा अनेकांची निराशा लपत नव्हती. श्रद्धांजली लिहून झाली की माणूस जिवंत निघणं गैरसोयीचंच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इरॉस पुन्हा उघडलं. बाहेरचा केक चकचकीत, दालन झळाळतं, आत आयमॅक्सचा भव्य पडदा आणि जागा तीनशेच्या आसपास. उरलेल्या नऊशे जागांचं काय झालं याचं उत्तर सरळ आहे: त्या भरत नव्हत्या. इमारतीच्या बाकी भागात दुकानदारी आली, आणि दुकानाच्या भाड्यावर सिनेमा बसला. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली. पण मुरडलेल्या नाकांची बेरीज कितीही केली तरी तिच्यातून बाराशे तिकिटं निघत नव्हती, तेही रोज, चार खेळांना. आणि तीनशे माणसं आज रात्री त्या दारातून आत शिरणार आहेत, हेही खरंच आहे.

गिरगावचे काका या उद्घाटनानंतर पंधरा दिवसांनी इरॉसला जाऊन आले. पुतण्यानं मोबाइलवर दर दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तरी गेले. फूटपाथवर उभं राहून त्यांनी मनोरा मान मोडेपर्यंत पाहिला. आत दालनात शिरून गोल जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला, संगमरवरावर बुटाची टाच आपटून आवाज ऐकला, भिंतीवरच्या सोनेरी नक्षीसमोर उभं राहून एक फोटो काढला. एका तरुण कर्मचाऱ्याला त्यांनी "पूर्वी स्टॉलचं दार इथून होतं" अशी माहिती दिली, आणि त्यानं ती अदबीनं ऐकून घेतली. पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी त्यांनी दर वाचला आणि हात मागे बांधले. मग फोटो 'गिरगाव आठवणी' गटावर टाकला, खाली एकच शब्द: "वाचलं!"

पाच मिनिटांत सदतीस अंगठे आले. कोणी हात जोडले, कोणाचे डोळे भरून आले. एका वहिनींनी विचारलं, "भावोजी, पिक्चर कसा होता?"

काका तोवर चर्चगेटला गाडीत बसले होते, खिडकीची जागा मिळाली होती. त्यांनी लिहिलं, "पिक्चर काय, महिन्याभरात टीव्हीवर येईलच."